वेचणीची गोळी

सूर्यभान मुकादमाचा टेम्पो सकाळी सहाला विहारापुढं येऊन थांबला, की बाया आधी त्याच्या शर्टाच्या खिशाकडं बघायच्या. खिसा फुगलेला दिसला की जीव भांड्यात पडायचा. खिशात कॅप्सुलांच्या पट्ट्या असायच्या. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, दिसायला मोठी देखणी कॅप्सूल. सकाळी चहाच्या घोटाबरोबर एक, दुपारी भाकरीवर एक. मग दिवसभर कंबर आपल्याला आहे का शेजारणीला, याचाही पत्ता लागायचा नाही. कापसाची वेचणी किलोवर. वाकून वेचणाऱ्या बाईची कंबर धरली की काटा हलत नाही, आणि काटा हलला नाही की मुकादमाचं तोंड वाकडं, म्हणून ही सोय. बाया तिला वेचणीची गोळी म्हणायच्या. डोक्याला फडकं गुंडाळायचं, ओटी बांधायची, गोळी घ्यायची. खैरवाडीच्या बायांना त्यात वेगळं असं काही वाटायचंच बंद झालं होतं.

पट्ट्या यायच्या महारुद्र डॉक्टरच्या दवाखान्यातून. गावात दवाखाना एकच. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाचं सोपं असतं, त्याला दोन शिव्या हासडून मोकळं होता येतं. हा हसून बोलायचा, लेकरांना कडेवर घ्यायचा, कुणाजवळ पैसे नसले तर ‘राहू द्या’ म्हणायचा. पण कंबर म्हणा, गुडघा म्हणा, मान म्हणा, त्याच्याकडं उत्तर एकच, आणि ते हिरवं-पिवळं. बाईचं अंग घटकाभरात हलकं व्हायचं. मग त्याला देव म्हणायला कितीसा वेळ लागतो?

सत्यशीला सलग तिसऱ्या हंगामात ही गोळी घेत होती. आधी एक, मग दोन, आता दिवसाला चार. दोन मुकादमाच्या, दोन पदरच्या. दिवाळीआधी एकदा दोन दिवस पट्ट्याच आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या टोळीची तऱ्हा बघण्यासारखी झाली. जांभयांवर जांभया, नाकाला धार, भर उन्हात अंगावर काटा. तिची जाऊ सुकेशनी तर पळाट्यांच्या आडोशाला पोट धरून बसली.

“साथ आलीया साथ,” सूर्यभान कपाळाला हात लावत म्हणाला. “ऐन वेचणीत समद्यांला एकदमच सर्दी!”

तिसऱ्या दिवशी पट्ट्या आल्या आणि तासाभरात साथ पळाली. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. यायला फुरसत कुणाला होती?

सत्यशीलेला तर नव्हतीच. तिच्या घरी तिचा नवरा पंडित होता.

पंडित गवंडी. अर्ध्या खैरवाडीच्या भिंती त्याच्या हातच्या, विहाराचा कट्टा त्याचा, शाळेची पाण्याची टाकी त्याची. स्वतःच्या घराच्या दर्शनी भिंतीला मात्र वीस वर्षांत गिलावा लागला नव्हता. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता विटा काळ्या पडल्या. सरळ माणूस. ऐन तरुणपणी विहारात पंचशील घेतलं त्या दिवशी दारू सोडली, आणि पुढं आठ-दहा जणांची सोडवली. तंबाखू तेवढी सुटली नाही. ती गालात तशीच राहिली आणि गालच खाऊन बसली. ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा गेला, किरणांचे शेक झाले. वर्षभरानं ते पुन्हा वर आलं, कानापर्यंत. मोठ्या डॉक्टरांनी ‘आता घरीच ठेवा’ म्हणून कागद हातात दिला.

घरी ठेवा म्हणजे काय करा, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. पंडित दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायचा. आडवं झालं की कानात सळई घातल्यागत ठणकायचं. ज्वारीची पातळ आंबील चमच्यानं द्यावी तर तीन चमच्यांवर हात वर करायचा. कळ आली की टॉवेलची गाठ दातात धरायचा, उरलेल्या दातांत. सत्यशीला वावरातून घरी आली की आधी तो टॉवेल उचलून बघायची. किती ओला, किती फाटला, त्यावरून तिला दिवस कळायचा.

“लय दुखलं का ओ आज?”

तो मान हलवायचा. नाही म्हणून. खोटं बोलायला एवढाच एक विषय त्याला उरला होता.

एका बुधवारी ती खाडा करून दवाखान्यात गेली. बाकावर बायांची रांग. डॉक्टर एकेकीला विचारायचा, ‘कंबर?’ ती मान डोलवायची, तो पट्टी कापायचा. दोन मिनिटांत पाच बाया निघाल्या.

“सायेब, मला काय न्हाई पायजे,” सत्यशीला म्हणाली. “पंडितरावासाठी आले. तुमच्या इंजेक्शननं काय व्हईना. काय तरी जालीम द्या.”

“जालीम म्हंजे अफूची गोळी, सत्यशीलाबाई. मॉर्फिन. ती मी देत न्हाई. परवाना लागतो, भानगडी लागतात.” मग आवाज खाली आणून, अगदी कळवळ्यानं, “आणि वाईट असती ती. एकदा सवय लागली की सुटत न्हाई.”

“मोठ्या डाक्टरांनी दोन-तीन महिनं दिलेत त्यांला. सवय लागून लागून किती दिस लागंल, सायेब?”

“तुम्हाला न्हाई कळायचं ते.” त्यानं तापाच्या गोळ्या पुडीत बांधल्या. वर, न विचारता, दोन हिरव्या-पिवळ्या पट्ट्या तिच्या हातात ठेवल्या. “हे तुमच्या कंबरेला. वेचणी चालू हाय ना?”

आता बघा. मरणाऱ्या माणसाला सवय लागंल म्हणून काळजी, आणि धडधाकट बाईच्या हातात वीस गोळ्या! पण तेव्हा तिला राग आला नाही. नमस्कार करून ती घरी आली. कंबरेची गोळी कंबरेचं दुखणं मारते तर गालाचंही मारील, असा साधा हिशेब तिनं केला आणि आपल्या वाट्याच्या कॅप्सुला पंडितला द्यायला लागली. थोडा उतार पडला, पण पोटात काही ठरेना. ओकारी आली की जबडा हलायचा, आणि जबडा हलला की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र आता एकही गोळी उरली नव्हती, मुकादमाचीसुद्धा नाही.

शनिवारी तिची लेक धम्मशीला पूर्णेहून आली. जावई रेल्वेत गँगमन. बापाचं तोंड बघून ती चुलीपुढं बसून रडली, मग उठून पदर खोचला. पूर्णेतल्या तिच्या शेजारच्या म्हातारीला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दुखण्याचा वेगळा इलाज मिळाला होता. “सोमवारी न्यायचंच,” म्हणाली, “म्या कुणाचं ऐकत न्हाई.” सोमवारी सेलूला गाडी धरली. पंडित उपरण्यानं गाल झाकून खिडकीशी बसला. वासानं समोरची दोन माणसं उठून दुसरीकडं गेली. सत्यशीलेनं ते पाहिलं, आणि पंडितनं पाहिलं नसावं म्हणून त्याच्या अंगावरून हात फिरवत बाहेरची शेतं दाखवत राहिली.

त्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. तिथं अनुपमा डॉक्टर. चाळिशीची बाई, बोलणं घरचं. आपल्याच मुलखातली, राणीसावरगावची लेक, लगेच कळून आलं.

“काका, दुखणं किती? शून्य म्हंजे न्हाईच, धा म्हंजे जीव जायलाय.”

पंडितनं दहाही बोटं वर केली. त्याला बोटं आवरून खोटं बोलता आलं नाही. सत्यशीलेनं तोंड फिरवलं.

अनुपमा डॉक्टरनं पांढऱ्या, बारीक गोळ्या दिल्या. सांगणं मात्र लांबलचक. “दर चार तासाला एक. दुखायची वाट बघायची न्हाई. दुखणं उठायच्या आधी गोळी पोटात पायजे. निजताना दोन, म्हंजे रातच्याला उठायला नगं. हे दुसरं औषध पोट साफ व्हायला, ते चुकवायचं न्हाई. पंधरा दिसांनी पुन्हा या. घरात घड्याळ हाय का?”

“बंद हाय,” सत्यशीला म्हणाली, आणि तिला जांभई आली. मग दुसरी. नाक पुसता पुसता तिसरी. हातांवर काटा उभा होता.

डॉक्टर लिहायची थांबली. “मावशी, तुमी कंच्या गोळ्या घेता?”

सत्यशीलेनं पिशवीतली रिकामी पट्टी काढली. डॉक्टरनं ती उलटून वाचली. “ट्रामाडॉल. किती?”

“चार. पाच दिस झालं बंद हायत, यांला दिल्या. मला जरा सर्दी हाय.”

“ही सर्दी न्हाई,” डॉक्टर म्हणाली. “ही सवय हाय. ही गोळीबी अफूच्याच जातीची, मावशी. धाकटी भैन म्हणा. कुणी दिल्या? कशासाठी?”

“कंबरंसाठी. समद्याच घेतेत.”

अनुपमा डॉक्टरनं पेन टेबलावर आपटला. तिचा राग सत्यशीलेवर नव्हता, हे दिसत होतं, तरी ती दचकली. “साध्या कंबरदुखीला ह्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या तर साध्या इलाजापरीस जास्त गुण येतो, असं कुणाला दावता आलेलं न्हाई. हजारो माणसं तपासून झाली. सवय तेवढी लागती. आन् कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फिन द्या, तोंडानं द्या, घड्याळ लावून द्या, हे साऱ्या दुनियेला सांगून चाळीस वर्सं झाली. जिथं द्यायची तिथं भेव दावतेत, आन् जिथं द्यायची न्हाई तिथं ओंजळीनं वाटायलेत!” मग ती शांत झाली आणि सत्यशीलेच्या गोळ्या हळूहळू कशा कमी करायच्या, दर आठ दिवसांनी एक, ते कागदावर टिकल्या काढून दाखवलं. एकदम सोडू नका, जीव बेजार होईल, म्हणाली.

परतीच्या गाडीत सत्यशीला मनाशी हिशेब जुळवत होती. सवय लागंल म्हणून जी गोळी आपल्या माणसाला मिळाली नाही, तिची सवय आपल्यालाच लागली, आणि ‘लावू का’ म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही. तीन हंगाम! आणि आपण वर हात जोडत होतो! तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खालून राग वर यायला लागला.

घड्याळ बंद होतं तर तिनं गावालाच घड्याळ केलं. सहाला सूर्यभानचा टेम्पो, पहिली गोळी. दहाला शाळेची घंटा, दुसरी. दोनला वालूरची यष्टी फाट्यावर भोंगा वाजवते, तिसरी. सहाला विहारात वंदना, चौथी. निजताना दोन. पाच चुन्याच्या डब्या धुऊन तिनं ओळीनं कोनाड्यात मांडल्या.

पंडित पहिल्या दिवशी नुसता झोपला. दुसऱ्या दिवशी उजव्या कुशीवर झोपला, चार महिन्यांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी वाटीभर आंबील प्याला. चौथ्या दिवशी बोलला. शब्द अर्धे वाऱ्यावर जायचे, पण सत्यशीलेला सगळे कळले. “थापी दे माझी.”

“काय करता थापी?”

“भित.”

लेकीनं वाळू चाळून पाटीभर माल कालवला. पंडित स्टुलावर बसून दाराच्या उजव्या अंगाला गिलावा करायला लागला. हात पोचेल तेवढाच, आणि दिवसाला वीतभर. पण ओळंब्याची दोरी सोडून डोळा बारीक करून बघायचा तेव्हा तो आजारी माणूस नव्हता, गवंडी होता. “पुढचा महिना आला म्हणायचा,” सत्यशीलेनं चिडवलं. त्याचा उरलेला अर्धा चेहरा हसला. लेक दोन दिवसांनी पूर्णेला गेली. सत्यशीला वेचणीला लागली, तीन गोळ्यांवर. सूर्यभाननं तिला मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ओळीत टाकलं. “गोळी कमी केलीस, मग काटा कसा भरंल?” म्हणाला. सगळ्या बाया हसल्या. सुकेशनीला तिनं टिकल्यांचा कागद दाखवला तर ती फटकन म्हणाली, “डाक्टरला जास्ती कळतं का तुला?”

सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी महारुद्र डॉक्टर आपणहून पंडितला बघायला आला. सत्यशीला वावरात होती. गिलावा बघून तो चाट पडला, डब्या बघितल्या, कागद वाचला आणि पंडितजवळ खाटेवर बसला. काय म्हणाला ते शेजारणीनं नंतर सांगितलं. “पंडित, तू गावाची दारू सोडवणारा माणूस, आणि ही अफू खायलास? नशा हाय रे ही. आणि आत्ताच खाऊन संपवली, तर शेवटाला जेव्हा खरं दुखंल तेव्हा लागू पडायची न्हाई. जपून ऱ्हा.”

घरात एकटा असलेल्या दुखण्याईताला हे सांगून देवमाणूस शेजारणीनं आणलेला चहा पिऊन निघून गेला.

सत्यशीलेला काहीच कळलं नाही. संध्याकाळी डब्या रिकाम्या असायच्या. पण स्टूल उन्हात पडून राहिलं, पाटीतला माल दगड झाला, पंडित पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. ‘दुखणंच वाढलं असंल,’ ती स्वतःशी म्हणायची. मग एक दिवस टॉवेल हातात आला, आरपार चावलेला. तिनं शोधलं. गवंड्याच्या हत्यारांच्या थैलीत, ओळंब्याच्या खाली, कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या गोळ्या सापडल्या. तिच्यादेखत निजताना घेतलेल्या दोन तेवढ्या त्याच्या पोटात जात होत्या. बाकी नऊ दिवसांच्या सगळ्या इथं.

“हे काय हो?” तिचा आवाज फाटला.

“पंचशील घेतलंय म्या,” पंडित कसाबसा म्हणाला. “नशा करून न्हाई मरायचं मला.”

“तंबाकू खाताना कुटं गेलतं पंचशील? आं? तवा गालात धरून वंदना म्हणत व्हतात की!” बोलून गेली आणि तिला रडू फुटलं. “अवो, ही नशा न्हाई. औषध हाय. त्या डाक्टरीणबाईनं सांगितलं.”

“महारुद्र सायेब म्हणले नशा हाय.” थोडा वेळ दम घेऊन, “ते खोटं कशाला बोलतील?”

तिनं हात जोडले, पाया पडली, लेकीशी फोनवर बोलायला लावलं. लेक फोनवर ओरडली, रडली. तो हलला नाही. सायेब नाही म्हणाले होते, आणि सायेबांच्या पुढं बायकोच्या, लेकीच्या, कुठल्या लांबच्या डॉक्टरीणबाईच्या शब्दाला काय किंमत? आपल्याकडं हे असंच आहे. रोज समोर दिसणाऱ्या माणसाच्या हसऱ्या तोंडावर लोकांचा जेवढा भरवसा, तेवढा खरेपणावर नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार. दवाखान्यात बाकावर बाया, जमिनीवर बाया. सत्यशीला रांग सोडून सरळ टेबलापाशी गेली. एका बाजूला तिनं पंडितच्या पांढऱ्या गोळ्या ओतल्या, दुसऱ्या बाजूला हिरवी-पिवळी पट्टी ठेवली.

“सायेब, ही नशा, आन् ही काय?”

डॉक्टर हसला. “बाई, गर्दी हाय. नंतर या.”

“ही दोनी भैनी हायत म्हणं. हिची सवय मला लागली. नाक गळायलं, काटा यायला, तवा कळलं. हितं बसलेल्या समद्यांला लागलीया. दिवाळीला साथ आलती, ती ह्याचीच व्हती.” बाकावर कुजबुज झाली. “पर म्या त्याच्यासाठी आले न्हाई. तेचं नंतर बगू. तुमी एवढंच करा, माझ्या घरी चला. पंडितरावाला तुमच्या तोंडानं सांगा, गोळी घे म्हणून. दोनच शब्द. ते तुमचंच ऐकतेत.”

“मी कसं सांगणार?” त्याचं हसू गेलं. “माझ्याकडं त्याचा परवाना न्हाई. मी घे म्हणलो आणि काही कमीजास्त झालं तर?”

“घे म्हणायला परवाना लागतो?” सत्यशीलेनं विचारलं. “मग नगं म्हणायला कुटं लागला व्हता?”

डॉक्टरनं कंपाउंडरकडं पाहिलं. कंपाउंडरनं सत्यशीलेचा दंड धरला. भर बाजाराच्या दिवशी, गावाच्या बायांपुढं, तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. टेबलावरच्या काही गोळ्या खाली सांडल्या होत्या. तिनं हात सोडवून घेतला, परत आत आली, गुडघ्यांवर बसून त्या एकेक वेचल्या. कुणी मदतीला वाकलं नाही. सुकेशनी बाकावरच होती. तिनं मान खाली घातली.

घर येईपर्यंत सत्यशीलेच्या डोक्यात काहीच नव्हतं, नुसता जाळ. पंडित भिंतीला कपाळ टेकून बसला होता, टॉवेल तोंडात. तिनं चुलीवर पाणी कोमट केलं, गोळी तळहातावर घेतली, त्याच्यापुढं बसली.

“घ्या.”

त्यानं डोळ्यांनीच विचारलं.

“सायेब म्हणले, घ्या,” सत्यशीला म्हणाली. “माफी मागत व्हते. म्हणले, मला तवा नीट माहीत नव्हतं. पंडितला सांगा, ही नशा न्हाई. येळच्या येळी घ्यायची.”

“सायेब म्हणले?”

“व्हय. समद्या बायांम्होरं म्हणले.”

पंडितनं तोंड उघडलं.

जन्मात पहिल्यांदा ती इतकं सरळ, इतकं पुरतं खोटं बोलली होती. आणि जीव जळावा असं, की खऱ्यानं जे काम झालं नाही ते त्या खोट्यानं एका घोटात झालं.

पुढं तीन आठवडे गाव घड्याळासारखं वाजत राहिलं. टेम्पो, घंटा, यष्टी, वंदना. सत्यशीलेनं वेचणी सोडून दिली. दोनदा लेकीनं पूर्णेहून जाऊन गोळ्या आणल्या. दाराच्या उजव्या अंगाचा गिलावा खांद्याएवढा झाला. पुढं नात झाली तर नाव काय ठेवायचं, विहाराच्या कट्ट्याची फरशी कुठं उचकटली आहे, सत्यशीलेशी लग्न ठरलं त्या दिवशी पाऊस कसा झाला, सगळं बोलून झालं. एका दुपारी आंबील पिऊन तो उजव्या कुशीवर निजला आणि तसाच गेला. टॉवेल कोरडा होता, घडी घातलेला.

“सायेबांला हात जोड,” आदल्या दिवशीच तो तिला म्हणाला होता. “तेंच्यामुळं सुकानं चाललोय.”

ती ‘व्हय’ म्हणाली होती.

पुण्यानुमोदनाला अख्खं गाव विहारात आलं. पंडितचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. माणिकराव गुरुजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. सगळ्यांबरोबर सत्यशीला म्हणत होती. “मुसावादा वेरमणी” आलं, खोटं बोलणार नाही, आणि तिची जीभ अडली. तरी तिनं ते म्हटलं.

मग श्रद्धांजलीची भाषणं. सूर्यभान बोलला, सरपंच बोलले. मग पांढऱ्या शर्टातला महारुद्र डॉक्टर उठला. पंडित मरेपर्यंत ज्याला त्याला सायेबांचं नाव सांगत होता, ते त्याच्या कानावर गेलेलंच होतं. हात जोडून तो म्हणाला, “पंडित माझा भाऊ होता. शेवटी त्याला काही त्रास झाला नाही, एवढंच माझं समाधान. डॉक्टर म्हणून जे करता येतं ते मी केलं. आणि गोळी वेळेवर घेतली तर—”

“म्या खोटं बोलले,” सत्यशीला म्हणाली.

ती कधी उभी राहिली, तिलाच कळलं नाही.

“आत्ताच शील घेतलं म्हणून सांगते. सायेब गोळी घे म्हणले, असं म्या पंडितरावाला सांगितलं. सायेब म्हणले नव्हते. सायेबांनी नगं म्हणलं व्हतं. नशा हाय म्हणले, शेवटाला ठेव म्हणले. नऊ दिस माझा माणूस ह्यांच्या शब्दापायी टावेल चावत बसला. म्या दवाखान्यात जाऊन पदर पसरला, तर मला दंडाला धरून भाईर काढलं. सुकेशनी व्हती तितं. विचारा तिला.”

“बाई दुःखात हायत,” डॉक्टर गुरुजींकडं बघत म्हणाला. “बसवा त्यांना कुणी तरी.”

“म्या बसत न्हाई. ते माणूस तुमाला हात जोडून गेलं, सायेब. तेचे जोडलेले हात माघारी द्या मला.”

मग बायांमधून सुकेशनी उठली. नाक पदरानं पुसत, सगळ्यांकडं पाठ करून, फोटोकडं बघून बोलली. “व्हय. म्या तितंच व्हते. काढलं भाईर. आन् म्या गप बसले, कारण मला माझी पट्टी पायजे व्हती.”



तेवढ्यात फाट्यावर दोनची वालूरची यष्टी भोंगा वाजवत आली. सत्यशीलेचा हात आपोआप कमरेच्या पिशवीत गेला आणि चुन्याची डबी घेऊन बाहेर आला. उघडली, तर डबी रिकामी. तिनं ती तशीच तळहातावर धरून डॉक्टरपुढं केली.

“बगा, सायेब,” ती म्हणाली. “त्या गोळीची आमच्या घरात एवढीच सवय लागली.”